रेघेपर्यंत पाणी

गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पाण्याचे चार पांढरे कॅन होते, प्रत्येकी वीस लिटरचे. शिवाय दोन जादा चाकं, फावडं आणि नकाशा. माझा भाऊ फर्गस उडनाडाटाच्या वाळवंटी वाटेवर बेपत्ता होता. पोलिसांचं विमान शोधत होतं. बाबा आणि मीही निघणार होतो, फक्त गाडीचा नवा पंप यायचा होता.

पहिल्या सकाळी एका कॅनमधलं पाणी पाच लिटरने उतरलेलं दिसलं. झाकणावरची टेप शाबूत होती, खालची फरशी कोरडी.

"काय गं उंटिणी, रात्री ढोसलंस की काय?" बाबा म्हणाले.

मी कॅन पुन्हा भरला, नवी टेप लावली, पातळीवर रेघ मारली. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाच लिटर कमी. तिसऱ्या सकाळीही तेवढंच.

बाबांनी थट्टा सोडली. "उन्हात माणसाला दिवसाला एवढंच लागतं," ते हळूच म्हणाले. "तू भरत राहा."

मी भरत राहिले. रडू येत नव्हतं.

आज सकाळी पंप आला. बाबांनी तो बसवून गाडी सुरू केली. मी वाकून काल भरलेला कॅन पाहिला.

पाणी बरोबर रेघेवर होतं. वीस लिटर.