मावळेपर्यंत हसायचं नाही

दोन वल्ही. जुन्या शिडाचा तुकडा. काथ्याची दोरी.

देव आज शोकात आहे, असं नव्या देवळाच्या पुजाऱ्याने चौकात जाहीर केलं. कशाचा शोक, ते सांगितलं नाही.

मुतखडा हरभऱ्याएवढाच असतो.

बागेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं: चैनखोरांनो, चालते व्हा.

बकरीच्या दुधाचं चीज, लहान मडक्यात, सहा जणांत पुरवायचं.

ते मडकं तातियाने सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दर महिन्याच्या विसाव्या दिवशी बागेतली माणसं अशीच अंजिराखाली बसत. जवाची भाकरी, थोडं चीज, आणि जे मित्र गेले त्यांच्या गमती. त्यांच्या गुरूने शिकवलं होतं की सुख हेच चांगलं, आणि ते फार थोड्यात मिळतं. गावाला त्यातलं अर्धंच ऐकू गेलं होतं. भिंतीआड काय काय चालतं याची वर्णनं बायका पाणवठ्यावर इतकी रंगवून करत, की ऐकता ऐकता तातियाला स्वतःच्याच घराचा हेवा वाटे.

पुजाऱ्याने शोकदिवस नेमका विसाव्या दिवसावर आणून ठेवला होता. सूर्य मावळेपर्यंत कोणी हसायचं नाही. बागेतून हसणं ऐकू आलं, तर उद्या उजाडताच सगळ्यांनी वेशीबाहेर. दिवस हिवाळ्याचे. पुढचं गाव समुद्राच्या काठाकाठाने दोन दिवसांच्या चालीवर. आणि बागेतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पपियासबाबांना मुतखड्यामुळे विहिरीपर्यंतही चालवत नव्हतं.

दाराबाहेर देवळाचे दोन रखवालदार कान लावून बसले होते.

"एक संध्याकाळ फक्त," तातिया सकाळपासून एकेकाला विनवत होती. "दात आवळून बसा. हसायला पुढच्या महिन्याचा विसावा दिवस आहे."

या गावात ती दासी म्हणून उतरली होती. या भिंतीच्या आत मात्र तिला कोणी कधी 'ए' म्हणून हाक मारली नव्हती.

सगळे मुकाट भाकरी मोडत होते. पपियासबाबांना कळ आली. त्यांनी गुडघे पोटाशी ओढले. तोंडातून हुंदक्यासारखा आवाज निघाला.

बाहेर टाळी वाजली.

"ऐक, ऐक! चैनखोर रडतोय!"

"ए म्हातारबा, जरा मोठ्यानं! देवाला ऐकू जाऊ दे!"

"देवाचं राहू दे, मलाच नीट ऐकू येईना!" आणि दोघे खो खो हसले.

कळ ओसरली तसं बाबांनी अंग सैल केलं. मग म्हणाले, "पोरी, आज हसायला बंदी आहे ना?"

"हो बाबा. हळू बोला."

"मग ते काय करतायत?"

"ते आपल्या रडण्याला हसतायत. ते चालत असेल."

बाबांनी मान हलवली. जणू फार दिवस अडलेला हिशेब सुटला. "आज सोतासची पाळी," ते म्हणाले.

सोतास हा त्यांचा मित्र, खारवलेली मांदेली विकणारा. जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची गोष्ट बागेलाच काय, साऱ्या गावाला पाठ होती. फक्त नवं देऊळ झाल्यापासून कोणी ती बोलत नव्हतं.

तातियाने त्यांचा हात धरला. "ती नको. बाबा, पाया पडते तुमच्या. वेशीपर्यंत पोचणार नाही तुम्ही."

"इथं बसून तरी मी कुठं पोचणार आहे?"

श्वास जुळवत त्यांनी सुरुवात केली. आजच्या पुजाऱ्याकडे तेव्हा अजून देव नव्हता. बाजारात उभा राहून तो लोकांना नुसताच वैराग्य सांगत असे. एकदा उंच जागा हवी म्हणून सोतासच्या मांदेलीच्या रांजणावर चढला, झाकणाच्या फळीवर. "सुखाला लाथ मारा!" म्हणाला, आणि खरोखरच मारली. फळी मोडली. महाराज कमरेपर्यंत मांदेलीत. बाजार चिडीचूप.

"आणि सोतास," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता. "सोतास तराजू घेऊन वाकला... म्हणाला, महाराज, आत उतरलाच आहात, तर..."

पुढे बोलवेना. ते कुशीवर वळले.

पुढचं वाक्य सगळ्यांच्या ओठांवर होतं. कोणी उच्चारलं नाही. एकाने भाकरी तोंडात कोंबली, दुसऱ्याने उपरण्याचा बोळा. तातियाने भिंतीकडे पाहिलं. माथ्यावर अजून ऊन होतं, अंगठ्याएवढं.

"का रे थांबलास म्हाताऱ्या?" बाहेरून आवाज आला. "रड की!"

तातिया उठली. भिंतीपाशी गेली. बाजारात ओरडतात तशी, खणखणीत ओरडली:

"तर शेरभर मांदेली वर द्या, महाराज! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

आणि पहिली तीच हसली. दासीला हसताना तोंडावर हात धरायची सवय असते. तिचे दोन्ही हात कमरेवर होते. मागोमाग बाकीचे फुटले. बाबा पोट दाबून हसत होते, कळेत हसत होते, आणि हसता हसता "आई गं" म्हणत होते.

 भिंतीपलीकडे कोणीतरी खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता.

"गप, मूर्खा!" दुसरा खेकसला, आणि त्याची पावलं देवळाच्या दिशेने धावत गेली.

तातियाने चीजचा मोठा तुकडा बाबांच्या भाकरीवर ठेवला.

"आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "मघाशी मी नीट ऐकलं नाही."

दोन वल्ह्यांना शिडाचं कापड बांधून, पपियासबाबांना निजवून नेता येईल अशी डोली तिने सकाळीच तयार करून ठेवली होती.