सतरा नंबरचं दार

तिसऱ्या मजल्यावर सायराकान आत्या थांबली, डोळे मिटले आणि नाक वर करून तिनं हवा ओढली. जोमार्त तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तळण आहे," ती म्हणाली. "तेलही ताजं दिसतंय."

त्याचा जीव भांड्यात पडला. लिफ्ट सोडून आत्यानं जिना धरला होता. दहा मजले, चाळीस घरं, आणि प्रत्येक दारापाशी ती वास घेणार होती. दर गुरुवारी मेलेल्या माणसांच्या नावानं घरात तेल तापतं, कणकेचे बोर्सोक फुगतात, आणि तो वास त्यांच्यापर्यंत पोचतो. ज्या घरातून गुरुवारी वास येत नाही तिथं कुणी राहत नाही, हे आत्याचं साधं गणित होतं.

ही इमारत जोमार्तनं बांधली होती, आणि आता त्याला शेजारच्या जागेवर दुसरी उठवायची होती. त्यासाठी वडिलांचं जुनं घर बँकेत गहाण टाकायचं होतं. घर आत्याच्या नावावर होतं. आई गेल्यावर आत्यानंच त्याला त्या घरात लहानाचा मोठा केला होता.

"चाळीसच्या चाळीस विकली गेली, आत्या," त्यानं आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. "अख्खं बिश्केक बांधत सुटलंय. आपण का मागं राहायचं?"

"आकडे मला नको दाखवूस. तीस वर्षं सरकारच्या आकड्यांच्या कचेरीत काढलीत मी. ते कसे शिजवतात ते मला ठाऊक आहे. गुरुवारी येते."

तेव्हा जोमार्तनं जे करू नये ते केलं. इमारतीची झाडलोट करणाऱ्या झिपारकडे रिकाम्या घरांच्या किल्ल्या असत. पहाटेच तिच्याकडून सगळं पीठ मळून घेऊन तिच्या सुना, लेकी, शेजारणी अशा सगळ्यांना कढया देऊन त्यानं रिकाम्या घरांत पांगवलं. फक्त सतरा नंबरची किल्ली तिच्याकडे नव्हती. पण चाळिसांत एक दार गप्प राहिलं तर काय बिघडतं, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

दारं उघडत होती, ताटल्या पुढं येत होत्या. आत्या एकेक बोर्सोक उचलायची, चेहऱ्यावरून हात फिरवून दुआ म्हणायची आणि पुढं चालू लागायची. जोमार्त धापा टाकत मागून येत होता. याच बाईनं गुडघ्यांचं कारण सांगून तीन वर्षांपूर्वी आपली जिवापाड जपलेली जर्दाळूची बाग विकली होती.

चौथ्या मजल्यावर तिनं बोर्सोक दातांखाली धरला आणि सावकाश चावला.

"निम्म्याहून जास्त दारांशी जोडे नाहीत, खिडक्यांना पडदे नाहीत. आणि चार मजले झाले, त्या सगळ्या घरांत मीठ एकाच हाताचं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "नाकाला फसवलंस, लबाडा. जिभेचं काय करशील? खरे किती राहतात?"

जोमार्तला तोंड वर करवेना. "अकरा."

"आणि बाकीचे?"

"काही मॉस्कोत कामाला आहेत. काहींनी नुसतेच पैसे भिंतींत घालून ठेवलेत. भाव वाढले की विकायचं म्हणून."

"मग दुसरी इमारत कुणासाठी? या एकोणतीस कुलपांना सोबत म्हणून?" ती पुढच्या पायऱ्या चढू लागली. "मी सही करणार नाही."

पाचव्या मजल्यावर पहिलंच दार सतरा नंबरचं होतं. तिथं ना वास होता ना ताटली. आत्या त्या दारासमोर उभी राहिली. इतका वेळ गिळलेलं सगळं जोमार्तच्या ओठांवर आलं.

"हे दार बघ, आत्या! हे पहिलं विकलेलं घर. तीन वर्षांपूर्वी इथं नुसता खड्डा होता. लोक मला हसत होते, माझी बायकोसुद्धा बोलत नव्हती. आणि कुणा वकिलाकडून एका बाईनं पूर्ण रक्कम पाठवली. एक विकलं म्हटल्यावर बाकीचे आले. मी तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, पण भेटली तर पाया पडेन." त्यानं दारावर थाप मारली. "एका परक्या बाईनं माझ्यावर विश्वास टाकला. आणि तू घरची असून वास घेत फिरतेस!"

आत्यानं पिशवीत हात घातला. रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, गोळ्यांची डबी काढली आणि ते सगळं त्याच्या हातात दिलं. मग तळाशी बोटांनी चाचपून एक किल्ली बाहेर काढली.

कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं. आत सामान असं काहीच नव्हतं. खिडकीत तेवढी आत्याच्या जर्दाळूच्या बागेतली निळी किटली होती. तिच्यातून ओतलेला चहा पितच जोमार्त मोठा झाला होता. तो उंबऱ्यातच उभा राहिला. हातातलं चष्म्याचं घर कधी खाली पडलं ते त्याला कळलं नाही.

"आत्या, तुझे गुडघे…"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? आत ये, दारात उभा राहू नकोस." तिनं बाह्या वर सारल्या आणि जिन्यात तोंड काढून हाक मारली, "झिपार, कढई घेऊन ये गं, आणि पीठही आण! इथं मी तळणार आहे." मग ती त्याच्याकडे वळली. "आणि तू, यापुढं कुणी विचारलं तर अकरा सांगू नकोस. बारा सांग."