बाबांचं थिएटर

शहरातल्या नामशेष झालेल्या थिएटरांवर धाकट्याने पुस्तक लिहिलं. प्रकाशनाला बोलताना त्याने डोळ्यांना रुमाल लावला. "आमच्या बाबांचं थिएटरही गेलं. लोकांनी पाठ फिरवली हो!" सभागृह हळहळलं. पहिल्या रांगेतली त्याची ताई तरातरा मंचावर गेली आणि तिने माइक हिसकावून घेतला.

"लोकांच्या नावाने कशाला गळा काढतोस? बाबा दवाखान्यात होते, तेव्हा तूच बुलडोझर लावलास."

"ताई, घरी बोलू."

"घरी तोंड दाबून बसले, तेच चुकलं. अंथरुणावरून ते रोज संध्याकाळी विचारायचे, 'आज गर्दी कशी आहे गं?' आणि ते जाईपर्यंत मी सांगत राहिले, 'हाउसफुल्ल आहे, बाबा.'"