झीज

दस्तगीरभाईंनी नव्याकोऱ्या सेलोवर, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनवर, किल्ल्यांचा जुडगा हलकेच आपटला. समोर भिंतीवर तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन सेलोचे फोटो होते. त्याचा प्रत्येक ओरखडा, उडालेलं पॉलिश, सगळं या नकलेवर उतरवायचं होतं. मिरजेत जन्मभर सतारी केल्या, पण नव्या वाद्याला जखमा करायचं काम कधी केलं नव्हतं.

"जन्मल्या पोराला म्हातारं करताय," चहा ठेवत बायको म्हणाली.

"गिऱ्हाइकाला तसंच हवंय."

शेवटी पाठीची वरची कड राहिली. वाजवणाऱ्यांच्या छातीला टेकून टेकून मूळ सेलोचा रंग तिथे पार गेला होता. दस्तगीरभाईंची मनगटं भरून आली होती. त्यांनी रंग उतरवायचं स्पिरिटचं कापड उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सेलो न्यायला आलेल्या पुण्याच्या वादक बाईंनी फोटोशी एकेक खूण ताडून पाहिली. त्यांचा हात कडेवर थांबला.

"इथली झीज राहिलीय, दस्तगीरभाई."

"थकलो, ताई. तेवढी तुमची तुम्ही करा."

"मला किती वर्षं लागतील?"

"मूळच्याला तीनशे लागली." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा."