पहिल्या रांगेतला माणूस

मित्राने, जीवनने, माइक हातात कोंबला आणि रोशनने घाईघाईने डोळे मिटले. समोर वडिलांची चिता नुकती पेटली होती. लोकांना वाटलं, पोरगा दुःखात बुडालाय. तो खरं तर सभा डोळ्यांपुढे आणत होता.

दारव्ह्याकडच्या या गावात अग्नी दिला की लगेच कुणी घरी जात नाही. स्मशानातल्या शेडखाली बसून श्रद्धांजलीची भाषणं ऐकावी लागतात, आणि शेवटी घरचा माणूस दोन शब्द बोलतो. या भाषणांचा मक्ता रोशनच्या वडिलांकडे, पुंडलिकरावांकडे होता. त्यांच्या भाषणाशिवाय गावातलं कुणी वर गेलं नव्हतं. नव्वदी पार केलेल्या म्हातारीवरही ते ‘काळाने अकाली झडप घातली’ म्हणत आणि लोक माना डोलवत. आज ते स्वतःच गेले, तर आधीच्या वक्त्याने त्यांच्यावर दोन वाक्यं बोलून बाकीचं सगळं भाषण येत्या निवडणुकीवर खर्च केलं.

रोशनला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. कारण अख्ख्या गावाला पाठ होतं. पुंडलिकरावांनी त्याचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगलाही ते खालून ओरडले होते, "अबे, जोरात बोल!" पण आज तो गप्प राहिला असता तर गावाने जन्मभर ऐकवलं असतं, की बाप साऱ्यांसाठी बोलला आणि पोराला बापासाठी दोन शब्द सुचले नाहीत. ते त्याला स्वतःलाही सोसलं नसतं.

घरी अंगणात तिरडी बांधणं चालू असताना बायकोने, वैष्णवीने, त्याला स्वयंपाकघरात ओढून युक्ती सांगितली होती. यवतमाळच्या कुठल्याशा शिबिरात ती शिकून आली होती. "डोळे मिटा. सभा बसली हाये असं पाहा. पहिल्या रांगेत आपला एक माणूस बसवा, अन् फक्त त्याच्याशीच बोला."

रोशनने आधी वैष्णवीलाच बसवून पाहिलं. पण त्यांच्याकडे बायका स्मशानात येत नाहीत. ती मनातही फाटकापाशीच थांबली. मग जिवलग मित्र म्हणून जीवनला बसवलं. तो तिथेही तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला. तेवढ्यात, कुणी बोलावलेलं नसताना, टोपी सारखी करत पुंडलिकराव आले आणि रांगेत मधोमध बसले.

"‘आज आपण’पासून सुरू करू नको बे," ते म्हणाले. "माणसाचं नाव घे आधी. अन् वाकून कायले उभा हायेस?"

रोशनने दचकून डोळे उघडले. शिबिर घेणाऱ्याला त्याने मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

"आज आपण..." तो बोलला आणि सवयीने थांबला.

शेडखालचे लोकही थांबले. त्यांनाही सवय होती. लाकडं तेवढी तडतडत होती.

आता घाबरावं असं समोर कुणीच नव्हतं. लोकांकडे पाठ करून रोशन चितेकडे वळला.

"बाबा, ‘आज आपण’नंच सुरू केलं, चुकून राह्यलो ना मी," तो म्हणाला. "टोका ना."