दोन सान रोक्को

रुग्णवाहिका दुसऱ्याच सान रोक्कोला गेली. नदीपलीकडच्या. डोंगरावरच्या सान रोक्को वाडीत पाववाले आगोस्तीनो छाती धरून वाट बघत राहिले. चूक कळून गाडी वर चढली, तोवर सगळं संपलं होतं.

आज त्यांना माती दिली. माणसं पांगली, तरी ओर्नेल्ला दफनभूमीच्या फाटकाशीच उभी होती. ती नगरपालिकेची सचिव. रुग्णवाहिका कुठे धाडायची ते सांगणारा संगणकाचा प्रोग्रॅम तिनेच सरकारी पैशातून बनवून घेतला होता. एकाच नावाच्या दोन वाड्या असल्या, की तो डोळे मिटून पहिली निवडायचा. हे तिच्या नगरपालिकेत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आतून फुल्विओ आला. शेजारच्या नगरपालिकेत प्रोग्रॅम लिहिणारा, तिचा शाळासोबती. गेल्या वर्षी भर सभेत तो विनवत होता, "तुमचा प्रोग्रॅम लोकांच्या पैशातून केलाय, तर लोकांना उघडून बघू द्या. तुमचं आम्ही तपासू, आमचं तुम्ही." ओर्नेल्ला म्हणाली होती, "आधी स्वतःचं नीट चालव, मग आमच्यात नाक खुपस." सभा खो खो हसली होती.

आता तिची मान वर होईना.

"बोल, काय बोलायचं ते. तुला बघू दिलं असतं, तर चूक सापडली असती. आगोस्तीनोंच्या नीवेसकाकूंना सांगून आले मी. म्हटलं, तुमचा माणूस माझ्यामुळे गेला."

"काय म्हणाल्या?"

"माझा हात धरून बसल्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं."

फुल्विओने टोपी काढली. ती हातात नुसतीच फिरवत राहिला.

"तू बोलत का नाहीस? एवढी वर्षं हेच सांगत होतास ना? मग सुनाव की!"

"ओर्नेल्ला, आमच्याकडेही एका नावाच्या दोन वाड्या आहेत. आमच्या प्रोग्रॅममध्येही हीच चूक होती. यंदा वसंतात सापडली, लगेच दुरुस्त केली. तुमच्याकडेही असणार, हे कळायला मला तुमचं काही उघडून बघावं लागलं नाही."

तिने झटकन मान वर केली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला फोन लावायला घेतला होता गं," तो म्हणाला. "पण त्या सभेतल्या हसण्याचा राग गेला नव्हता. फोन खाली ठेवला."