टेबलावरचे मास्तर

"या दिव्याच्या पोटाला एक डाग आहे," टेबलावर आडवे असलेले मास्तर म्हणाले. "कुणी पाहिलाय का कधी?"

कुणी पाहिला नव्हता. इथे उभं राहणाऱ्याला तो दिसायचं कारणच नाही. मास्तर स्वतः याच खोलीत केस पिकेपर्यंत उभे राहिले, लोकांच्या हृदयाच्या नळ्यांत स्टेंट बसवले, आणि निवृत्त झाल्यावर हेच काम करणाऱ्या डॉक्टर-नर्स मंडळींचा दरवर्षीचा उजळणीवर्ग घेऊ लागले. छत मात्र त्यांनी पाहिलं ते आजच. मनगट तेवढं बधिर केलेलं, बाकी माणूस टक्क जागा, आणि चौकशा तर संपता संपत नव्हत्या.

"सर, जरा स्वस्थ पडा ना," डॉक्टर म्हणाली. ती त्यांच्याच वर्गातली. नर्सही तिथलीच, काचेपलीकडचा टेक्निशियनही तिथलाच. आज सगळा वर्ग उभा आणि मास्तर आडवे.

"अगं, पण मला पडदा दिसत नाही. वळव की इकडे."

नर्सने पडदा वळवला. काळ्या फांद्यांसारख्या नळ्या दर ठोक्याला हलत होत्या. एक फांदी मधेच चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती.

"ही माझी?"

"तुमचीच."

"बरीच वाईट आहे की! पेशंटला मी हिला 'किंचित अरुंद' म्हणालो असतो."

मनगटातून आत सरकवलेल्या तारेवरून स्टेंट जागेवर गेला. "आता फुगा फुगवते. जरा दडपल्यासारखं वाटेल हं," डॉक्टर म्हणाली. हे वाक्य मास्तरांचंच. आयुष्यभर ते त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. पुढच्याच क्षणी कुणीतरी त्यांच्या छातीवर मांडी ठोकून बसलं.

"जरा?" त्यांनी कसाबसा श्वास घेतला. "याला जरा म्हणतात?"

फुगा उतरला, स्टेंट आत राहिला. पडद्यावर ती फांदी आता सरळ, भरदार दिसत होती.

"वा! झकास बसलाय. आटपा आता, उतरवा मला."

"एकदा आतून बघून घेऊ, सर." डॉक्टरने नळीच्या आत जाणारा बारीक कॅमेरा मागितला. बाहेरून घेतलेल्या एक्स-रेच्या चित्रात नळी उघडलेली दिसते. पण स्टेंट भिंतीला सगळीकडून टेकलाय की नाही, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. आणि फट राहिली, तर पुढे तिथेच रक्ताची गुठळी धरायची भीती. हे मास्तरांनी वर्गात घोटून घेतलेलं.

"काही गरज नाही. चित्र छान आहे. उगाच वेळ कशाला घालवायचा?"

वर्गात नेमकं हेच बोलणाऱ्याची मास्तर बिनपाण्याने हजामत करत. नर्सच्या हातातलं कॅमेऱ्याचं पाकीट न फोडताच राहिलं. टेक्निशियनने बटणांत डोकं खुपसलं. मास्तरांना शिकवणार कोण?

"मी पेशंट आहे," मास्तरांनी आवाज चढवला. "नको म्हणायचा मला हक्क आहे."

"आहेच. नको म्हणालात तर नाही करणार." डॉक्टर मास्कमागून म्हणाली. "पण नको का, ते सांगा."

मास्तरांनी तोंड उघडलं. सबबी खंडीभर होत्या. दरवर्षी ते त्या ऐकत आले होते, आणि प्रत्येकीचं उत्तर त्यांनीच देऊन ठेवलं होतं. त्यातली एकही आता कामाची नव्हती. छातीवरचं ते ओझं अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"भीती वाटते गं," ते म्हणाले.

म्हणाले, आणि स्वतःच चकित झाले. आत बघायचं टाळणारे आळशी असतात, अशी त्यांची पक्की समजूत. ते घाबरत असतील, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मलाही वाटते," डॉक्टर हळूच म्हणाली. "चित्र इतकं छान आलंय. आत काही निघालं तर?"

मास्तरांची मान आपोआप पडद्याकडे वळली. भीती होती तिथेच होती. पण जित्याची खोड.

"काय निघेल, असं वाटतं तुला?"

"बघू या?"

"बघ."

पाकीट फाटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पडद्यावर त्यांच्या नळीचा गोल उमटला, आणि त्या गोलाच्या आत स्टेंटची कडी. एका अंगाला ती भिंतीला घट्ट टेकली होती. दुसऱ्या अंगाला चंद्रकोरीसारखी काळी फट.

"हं!" मास्तर म्हणाले. त्यांना धस्स झालं होतं, पण आवाज मात्र हरवलेली किल्ली सापडल्यासारखा निघाला. "इकडे टेकलेलाच नाही बघ. मोठा फुगा घे."

"घेतलाच आहे. पण सर, दुखेल. चांगलंच दुखेल."

"दुखू दे."

दुखलंच. नंतर कॅमेरा पुन्हा आत गेला, तेव्हा फट नव्हती.

बाहेर मास्तरांच्या पत्नी पर्स छातीशी धरून केव्हाच्या उभ्या होत्या. ट्रॉली आणि तिच्या मागोमाग डॉक्टर दिसताच त्या पुढे धावल्या. मास्तर हसताहेत हे पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"कसे आहेत गं?"

"छान आहेत, काकू. काठावर पास झाले."

"पास?" काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "परीक्षा कुणाची होती?"

डॉक्टरने अंगावरचा शिशाचा जड एप्रन उतरवला. आतले कपडे घामाने चिंब झाले होते.

"आत जाताना मला वाटलं, माझी."